आत कोणी नाही

९ तारीख, सोमवार

दादा,

वर 'सप्रेम' लिहिलेलं नाही. कच्च्या कागदावर होतं, पक्कं करताना खोडलं. मनात नाही ते केवळ अक्षर चांगलं आहे म्हणून का लिहायचं?

तू फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि "झोपलेत" म्हणते. परवा सकाळी झोपला होतास, काल भर दुपारी झोपला होतास. इथे छावणीत कुणाला झोप येत नाही. सगळ्यांच्या वाटची तूच घेतोयस असं दिसतं. म्हणून हे पत्र वहिनीच्या माहेरच्या पत्त्यावर पाठवतोय. पत्राला काही ती "झोपलेत" म्हणू शकणार नाही.

मी शाळेच्या मैदानावर आहे. तंबू बरा आहे. बाकी सगळ्याची किळस येते. परवा मदतीच्या कपड्यांचा ट्रक आला आणि मैदानात ढीग ओतून गेला. त्यात जरीचा कोट होता, एकेका पायाचे बूट होते आणि वापरलेले, न धुतलेले आतले कपडे होते. कुणीतरी आपलं कपाट रिकामं केलं, घाण आपल्या अंगावर टाकली आणि पुण्य घेऊन गेला. बायका त्या ढिगात हात घालत होत्या आणि नाकाला पदर लावत होत्या. एकजण वरून त्याचं चित्रण करत होता.

फाटकावर मोठा फलक लागलाय : 'भूकंपग्रस्तांना भावपुर्ण श्रध्दांजली'. 'पू' ऱ्हस्व, 'श्रद्धांजली' चुकलेली, आणि मुख्य म्हणजे भूकंपग्रस्त आम्ही. आम्ही अजून जिवंत आहोत. खाली ज्याचा फोटो आहे त्याचं डोकं माझ्या तंबूएवढं आहे. तू म्हणशील, आठवी नापास आणि ऱ्हस्वदीर्घाचा जज्ज. म्हण.

आता मुद्द्याचं. माझ्या शेजारच्या तंबूत समोरच्या इमारतीतले घड्याळवाले काका आहेत. आमच्या दोघांमध्ये फक्त एक कापड. ते माझ्याशी बोलत नाहीत. मी पाण्याच्या रांगेत त्यांची बादली पुढे सरकवली तर ती उचलून परत मागे ठेवतात. एकदाच बोलले. "तुझा भाऊ कुठाय?" मी म्हटलं, सासुरवाडीला. तर म्हणाले, "बरं झालं. तुमची आई नीट मिळाली ना? मग संपलं."

दादा, तुला एकच गोष्ट करायची आहे. इथे ये, काकांसमोर उभा राहा आणि सांग की त्या दिवशी आपल्या ढिगाऱ्यातून कसलाही आवाज आला नव्हता. तू खोटं ओरडलास. म्हणून पोकलेन आपल्याकडे वळलं आणि काकूंकडे वळलं नाही. आई पहिल्याच झटक्यात गेली होती, हे डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले. मग खालून ठोकत होतं ते कोण? काकूच ना?

तुला आई हवी होती हे मला कळतं. पुढे सरसकट ढिगारा उपसताना मशीनने तिचे तुकडे होण्याआधी हवी होती. मलाही ती तशीच हवी होती. पण मी ओरडलो नाही.

तुला चारचौघांत खोटारडा म्हटलं, त्याबद्दल माफी मागत नाही. तू माझ्या गळ्यातली शिट्टी हिसकून ढिगाऱ्यात फेकलीस आणि बसमध्ये जाऊन बसलास. शिट्टी सापडली. धुऊन बचाव पथकाला परत केली.

तुझा भाऊ


१७ तारीख, मंगळवार

दादा,

तुझं पत्र मिळालं. एका ओळीला पत्र म्हणायचं असेल तर. "आवाज आला होता. आईची शप्पथ."

जिवंत माणसाची शपथ घेताना जीभ चाचरते. आता तिला तू काय करणार आणि ती तुला काय करणार! त्या शपथेला काय किंमत आहे?

तू विसरला असशील तर मीच सांगतो, कारण शिट्टी माझ्या तोंडात होती. पथकप्रमुखांनी मला कामाला घेतलं ते अक्षरामुळे. "बोर्ड रंगवतोस ना? मग तपासलेल्या इमारतींवर लिहीत चल." शिट्टीही माझ्याकडेच दिली, कारण म्हणाले, हा पोरगा सांगितलं तेवढंच करतो. रीत अशी होती. मी लांब शिट्टी मारायची. जनरेटर बंद, मोटरसायकली बंद, रडणारे गप्प. एक बाई तर नवऱ्याच्या तोंडावर हात दाबून उभी राहायची, कारण त्याला हुंदका आवरत नसे. मग प्रमुख खाली वाकून ओरडायचे, "ऐकू येत असेल तर ठोका!" आणि सगळी गल्ली आपापल्या ढिगाऱ्याला कान लावायची. जिकडून आवाज येईल तिकडे मशीन. आपल्या गल्लीला पोकलेन एकच होतं. बाकीची कुठे होती ते तुलाही माहीत आहे, जिथे रस्ते रुंद आणि झाडं छाटलेली असतात तिथे.

त्या दिवशीची पहिली शांतता पाहुण्यांनी नासवली. गाड्यांचा ताफा येऊन उभा राहिला. मी शिट्टी मारतोय आणि यांची इंजिनं चालूच. मी काच ठोठावली तर ड्रायव्हर म्हणतो, "साहेबांना उकडतं." काचेच्या आत ते रुमालाने नाक दाबून आपल्याकडे बघत होते. दहा पावलं चालले, फोटो झाला, गेले.

मग मी पुन्हा शिट्टी मारली. प्रमुख ओरडले. सगळे वाकले. आणि तू आपल्या ढिगाऱ्यावरून किंचाळलास, "आमचाच आहे! ठोकतंय! आमचाच आवाज आहे!" त्याच क्षणी समोरून काका ओरडले, "नाही, इकडे! माझी बायको ठोकतेय!" मी मधोमध रस्त्यावर होतो. शिट्टीने माझेच कान वाजत होते, मला काही ऐकू आलं नाही. मी दोघांकडे बघत राहिलो. पोकलेनवाला केबिनमधून म्हणाला, "एक काय ते ठरवा रे, माझ्याकडे दोन हात नाहीत." तर तू धावत येऊन त्याच्या पट्ट्यांसमोर आडवा पडलास. "आधी माझ्यावरून घाल, मग तिकडे जा." काका म्हातारे. त्यांना आडवं पडायला जमलं नाही. हात जोडून उभे राहिले. आणि मशीन आडव्या पडलेल्याकडे वळलं.

तो सबंध दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आपल्याकडे गेली. आई मिळाली. दुपारी पुन्हा शांतता केली तर काकांकडून काही ऐकू आलं नाही. कुठूनच काही आलं नाही. काकू पुढे मिळाल्या, पण आईसारख्या नीट नाहीत.

तरीही शपथ?

इथलं नवीन काही सांगण्यासारखं नाही. गल्लीच्या टोकाला, दोन्ही इमारतींच्या मधे बेकरी होती, तिचा शेठ आता दुसऱ्या दुकानातला पाव आणून रोज छावणीत वाटतो. पाव शिळा असतो, पण पिशवीवर त्याचं नाव ताजं छापलेलं असतं. आधी फोटो, मग पाव. "मावशी, जरा हसा की." मावशींची सून गेलीय. त्या हसल्या, कारण मागे रांग होती. मी पाव घेत नाही. तेवढ्याने त्याचं काही बिघडत नाही हे मलाही कळतं.

काकांना अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.


२४ तारीख, मंगळवार

दादा,

अक्षर खराब आहे. पक्कं करणार नाही.

आज रस्ता मोकळा करायला पोकलेन परत आलं. तोच माणूस. मला ओळखून म्हणाला, "काय शिट्टीवाले, आज तोंड रिकामं?" मी त्याच्याबरोबर थांबलो, कारण बोर्डाचं दुकान बंद आहे आणि तंबूत बसून काय करायचं. आपली बाजू उचलून झाली, काकांची झाली. मग बेकरी. तुला आठवत असेल, पथक आलं तेव्हा शेठ स्वतः सांगून गेला होता, "खाली तळघर आहे, पण रिकामं. पोरं सुट्टीवर गेलीत." म्हणून तिथे कधी कुणी कान लावला नाही. तिथे उभं राहून ओरडणारंही कुणी नव्हतं. मी शटरवर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, 'आत कोणी नाही'. अक्षर चांगलं आलं होतं. एवढ्या धुळीतही रंग ओघळला नव्हता, म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पोकलेनने शटर उचललं. चुरगळलं तरी 'कोणी' वाचता येत होतं. मग तळघराचा जिना दिसला आणि पोकलेनवाल्याने मशीन बंद केलं. म्हणाला, "वास." इतके दिवस त्या वासात राहून आमची नाकं मेली आहेत असं मला वाटत होतं. तशी ती मेलेली नाहीत.

तळघराचं छत पडलेलं नव्हतं. फक्त जिना बुजला होता. आत चारजण होते. ते तिथेच कणीक मळायचे आणि तिथेच झोपायचे. एका दोरीवर चौघांचे टॉवेल वाळत होते. पाण्याचं पिंप होतं, ते तळापर्यंत पुसून प्यायलेलं. साखरेची गोणी फाडलेली. सगळ्यात लहान दिसत होता त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवलेली, आता वाळलेली. त्याच्या डोक्याखाली कुणीतरी आपला शर्ट गुंडाळून ठेवला होता.

भिंतीजवळ लोखंडी वजन पडलं होतं, मैदा मोजायचं. वर नळाचा जाड पाइप. त्याला एकाच जागी पोचे पडलेले, रंग उडून आतलं लोखंड चमकत होतं. पोकलेनवाला पाइपकडे बघत म्हणाला, "हा जातो कुठे?"

मला माहीत होतं तो कुठे जातो. एका अंगाला आपल्या इमारतीत, दुसऱ्या अंगाला काकांच्या. पाणी कमी आलं की आई याच पाइपवरून बेकरीच्या नावाने बोटं मोडायची.

दादा, मी बाहेर आलो. मग छावणीत गेलो आणि काकांच्या तंबूचं कापड बाजूला केलं. त्यांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "तुझ्याबरोबर कुठेही यायचं नाही मला." मी हात धरून ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला ओढलं असेल.

काकांना त्यांच्या जुन्या जागेवर उभं केलं, पाया उघडा पडलाय तिथे. मी आपल्या जागेवर गेलो, तू वाकला होतास तिथेच. पोकलेनवाला खाली उतरला आणि त्याने ते वजन उचलून पाइपवर मारलं.

माझ्या पायांखालून आलं. अगदी पायांखालून. मला आधीपासून माहीत होतं, तरी मी खाली बघितलं. आई तिथेच आहे असं वाटलं.

समोर काका पायाच्या दगडांवर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी हात वर केला. पोकलेनवाल्याला ते दिसत नव्हतं, तो मारतच होता. "पुरे!" काका ओरडले. "पुरे कर रे! हाच तो! माझे कान घड्याळाचे आहेत, हाच तो आवाज!"

मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "ती नव्हती."

मी म्हटलं, आईही नव्हती.

"इतके दिवस मी तुझ्या भावाला शिव्या देतोय. रोज उठून पहिली शिवी त्याला."

"मीही," मी म्हटलं.

मग ते जे म्हणाले ते शब्दाला शब्द लिहितो. "चांगलं झालं असं क्षणभर वाटलं रे मला. ती ठोकत नव्हती, तडफडली नाही, चांगलं झालं. आणि ही पोरं इथे पडलीत. थू."

ते खरंच थुंकले. कुणावर ते मी विचारलं नाही.

तू खोटं बोलला नव्हतास. आवाज आला होता.


२६ तारीख, गुरुवार

दादा,

हे टपालाने वेळेत पोचणार नाही. पोकलेनवाल्याचा पुतण्या ट्रक घेऊन तुमच्या बाजूला चाललाय, त्याच्या हाती देतोय. तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. वहिनी "झोपलेत" म्हणाली तर उठवा, असंही सांगितलंय. तिच्याशी बोलायला तोंड नाही माझं, तिला एवढं सांग.

काल मी बेकरीवाल्याला पावाच्या रांगेत गाठलं. म्हटलं, शेठ, तळघरातल्या चौघांची नावं सांगा. तो म्हणाला, "माझी नव्हती ती. रस्त्यावरची असतील. घुसली असतील आसऱ्याला." मी म्हटलं, चौघांच्या अंगात तुमच्या बेकरीचे एप्रन होते. तर मला बाजूला घेऊन म्हणतो, "अरे, तळघरात माणसं ठेवली म्हणून पालिका मला उभा जाळेल. तू शहाणा मुलगा आहेस. शटरवर तूच लिहिलंस ना? मग माझ्याबरोबर तूही अडकशील." आणि माझ्या हातात पाव ठेवला. त्याच्या बोटांना अत्तराचा वास येत होता. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे ऐकलं होतं. ते पावाला लावून वाटतात हे माहीत नव्हतं.

पाव मी त्याच्या गाडीच्या टपावर ठेवून आलो. फेकावासा वाटला, पण मागे रांग होती आणि रांगेतल्यांना भूक होती. पथकप्रमुखांना मात्र सगळं सांगितलंय, शटरवरचं माझ्या हातचंही. त्यांनी शेठला बोलावणं पाठवलंय. मलाही बोलावतील. बोलावू देत.

आता तुझ्याकडचं काम.

चौघांना शवागारात ठेवलंय. बेवारस म्हणून. शनिवारी दुपारी बेवारसांचा ट्रक जातो, सगळे एकाच खड्ड्यात. नातेवाईक असेल तर वेगळी जागा देतात, वर पाटी लावू देतात, कपडे आणि फोटो जपून ठेवतात. पुढे त्यांच्या घरचं कुणी शोधत आलं तर त्यांना दाखवायला काहीतरी राहतं. मी आणि काका सकाळीच गेलो. कारकून चहा पीत होता. त्याच्या मागे दार आणि दाराच्या मागे ते सगळे. त्या वासात तो बिस्किट बुडवून खात होता. मला आधी शिसारी आली. मग लक्षात आलं, तो महिनाभर तिथेच बसलाय. चहा कुठे पिणार?

"नातं काय?" त्याने विचारलं.

काका म्हणाले, "शेजारी."

"शेजारी चालत नाही."

"मग भाचा लिहा."

कारकुनाने मान वर केली. "आजोबा, आत्ता शेजारी होता."

"माझी बहीण शेजारीच दिली होती," काका म्हणाले. "तुम्हाला काही अडचण?"

त्याने लिहिलं. मग मला विचारलं. तुला माहीत आहे, मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मी त्या लहान्याबद्दल म्हटलं, भाऊ. तो म्हणाला, "चुलत?" मी म्हटलं, सख्खा. कान लाल झाले असणारच. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सख्ख्या भावाचं नाव?"

मला सांगता आलं नाही.

त्याने नावाची जागा कोरी सोडली आणि पुढे सही घेतली. "बाकीच्या दोघांचं काय?" मी म्हटलं, त्यांच्यावरही मीच सही करतो. तर म्हणाला, "एका माणसाला एकच. हा वरचा नियम आहे, तिथे मला काही करता येत नाही." दुपारी पोकलेनवाला जेवणाच्या सुट्टीत गेला आणि एकाचा मामा झाला. परत येताना म्हणाला, "च्यायला, आयुष्यभर कुणी मामा म्हणालं नाही, आता हा म्हणणार नाही."

म्हणजे तिघांची सोय झाली. छावणीत बाकी कुणाला विचारवत नाही. एकाला विचारलं, तर म्हणाला, "नंतर काही लचांड मागे लागलं तर?" ढिगाऱ्याला कान लावून "आमचाच" म्हणायला हीच सगळी गल्ली पुढे होती.

चौथा राहिलाय. अंगाने तुझ्याएवढा आहे. डोक्याखालचा शर्ट त्याचाच असावा, कारण एप्रनच्या आत उघडा तोच होता.

मी पाट्या घासून ठेवल्यात. शटरचा तो तुकडाही आणला होता, म्हटलं त्यावरचं पुसावं. रंग चांगला होता. जात नाही. त्याच पत्र्याची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर लिहीन. काय लिहायचं ते अजून ठरत नाही. नावं नाहीत आणि दुसरं काही लिहिलं तर त्या फाटकावरच्या फलकासारखं वाटतं. ते तू आल्यावर ठरवू.

मी तुला खोटारडा म्हटलं, आणि सगळ्या गल्लीसमोर म्हटलं. ते सगळ्या गल्लीसमोरच परत घेईन. पण त्यासाठी ये असं म्हणत नाही. काकाही वाट बघतायत, तेही कारण नको धरूस.

शनिवारी दुपारच्या आत ये. कारकून विचारेल, तुमचा कोण? तू त्या दिवशी आपल्या ढिगाऱ्यावरून जे पहिलं ओरडला होतास, तेच सांग. या वेळी ओरडावं लागणार नाही.

तुझा भाऊ